आडवी फांदी

माझं नाव हिरी. कागदावर हिराबाई हाय, पन मी शाळेत गेलेलीच नाय, ते मंजीच्या दाखल्यावर आयचं नाव लागतं म्हनून मास्तरांनी तसं घातलं. जन्म माझा तानसाच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, शहापूर तालुक्यातली मी, आन दिलेली इकडं मुरबाडात. वय विचाराल तर तुमी लिवा साठ, कोन मोजायला बसलंय. काल तुमी जेवता जेवता हात थांबवून जे बोललात, की मंजीताईला त्या दिवशी बाण मीच दाखवला होता, दहा वर्सं तेच धरून बसलेय, ते मी ऐकलं. तुमच्या ताटातला भात तसाच रायला. त्याचं उत्तर मी देनार हाय, मंजी माझी पोरगी होती, तिचं उत्तर मीच द्यायला पायजे. पन एकदम दिलं तर तुमाला कळनार नाय, फांदी म्हनजे काय ते आधी कळाय पायजे, म्हनून पहिल्यापासून सांगते. ते पुस्तकासाठी बोलनं भरून घ्यायचं यंत्र चालू असू द्या.

माझा बापूस रानातला मानूस. शेत होतं, नाचनी-वरीपुरतं, पन पोट रानावर. कमरेला आकडी, आकडीत कोयता, आन दुसऱ्या अंगाला एक थैली, थैलीत चकमक. आता चकमक बोललं की तुमी लोक लायटर काढून दाखवता. बापसाची चकमक म्हनजे एक गारगोटी, एक मोडक्या कानशीचा तुकडा, आन बांबूच्या नळीत सावरीचा कापूस, कोळशाच्या भुकटीत मळलेला. गारगोटीवर कापूस अंगठ्यानं दाबून धरायचा, वरनं कानस ओढायची, ठिनगी कापसात पडली की फुंकायचं नाय, तिथंच सगळे चुकतात, फुंकायचं नाय, हात वाऱ्यावर धरायचा, वारा आपनहून फुंकतो. पावसात पन इस्तव करायचा बापूस. भिजलेलं लाकूड घ्यायचा, कोयत्यानं उभं फोडायचा, आतला गाभा कोरडा असतो, त्याचे बारीक बारीक काप काढायचा. मी आठ-नऊ वर्सांची असताना मला जमलं. बापूस शाब्बास बोलला नाय, नळी माझ्या हातात दिली, ही आता तू सांभाळ, एवढंच. आमच्यात शिकवनं नव्हतंच. बघायचं आन करायचं.

तसंच फांदीचं. हे नीट ऐका. रानात चार मानसं लाकडाला, मोहाला जातात, कोन पुढं, कोन मागं. पुढचा फाट्यावर आला की जी वाट धरायची नाय तिच्या तोंडावर हिरवी फांदी आडवी टाकतो. का धरायची नाय ते मागच्यानं विचारायचं नाय, वाघरू दिसलं असंल, मधमाश्या उठल्या असतील, पावसानं वाट तुटली असंल. फांदी आडवी म्हनजे वाट बंद. मला कोनी बसवून सांगितलं नाय की हिरे, फांदीचा अर्थ असा. आयच्या मागं चालताना फांदी दिसायची, आयचा पाय दुसरीकडं वळायचा, म्हनून माझा वळायचा. सासरी आली तर इकडं पन तेच. तानसाला तेच, मुरबाडला तेच, मला वाटायचं सगळ्या जगात तेच असनार. काय सांगू तुमाला, मानूस आपल्या वाडीलाच जग समजतो.

सोयरीक म्हसा गावच्या जत्रेत ठरली. बापूस गेलता बैल बघायला, एक बैल म्हातारा होऊन मेला होता, जोडी मोडलेली. तिथं माझा सासरा, तो पन बैलच बघायला आलता. दोघांना एकच बैल आवडला. तो काय ठरेना, तेवढ्यात तुमी कुठले, आमी कुठले सुरू झालं, आन बैल रायला बाजूला, माझं ठरवून आले. आय बोलली, बैल आनायला गेलात आन पोरगी देऊन आलात. बैल शेवटी तिसऱ्यानंच नेला. मंजीचा बापूस चांगला होता. दारू नाय, मारनं नाय, बोलनं पन नाय. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले चार बैलांना.

मंजी आमची एकुलती. आधी दोन पोरं गेली, लहानपनीच, त्यांचं नाय सांगत. मंजी सहा वर्सांची झाली तशी तिला आश्रमशाळेत घातली. मास्तर घरोघर फिरत होते, पोरं द्या, पोरं द्या, तर कोन देत नव्हतं, मी दिली. सुटीत आली की बोलायची, आय मी पन येते गो लाकडाला. मी नाय न्यायची. तू पुस्तक घे, रान कुठं पळून जातंय. मला वाटायचं हातात कोयता आला की पुस्तक सुटतं, मी बघितलेलं दुसऱ्या पोरींचं. तर जे वय आयच्या मागं चालायचं असतं ते तिचं बाकावर गेलं. मी आपनहून घालवलं ते, कोनी जबरदस्ती नाय केली. दहावी पास झाली तेव्हा वाडीतली पहिलीच पोरगी. त्या दिवशी मंजीचा बापूस वीस शब्द बोलला असंल.

आता सर. ते तुमाला म्हाईत हाय तरी सांगते, तुमच्या पुस्तकातल्या लोकांना म्हाईत नसनार. नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. श्रावन होता, मी वरच्या पठारावर भाजी खुडायला गेलती, इरलं घेऊन, ते बांबूचं आन पळसाच्या पानांचं, डोक्यावरनं पाठीवर घ्यायचं. तिथं देवाच्या दगडापाशी कल्यानची सात-आठ मानसं प्लास्टिकखाली बसलेली. स्टोव्ह होता, काडेपेटी होती, पन काडेपेटीचं पीठ झालेलं. एका पोरीचे ओठ जांभळे पडलेले. मी काय विचारलं नाय, कोयता काढला, लाकूड फोडलं, नळीतला कापूस काढला. त्यांचा म्होरक्या म्हनजे हे सर. ते माझ्या हाताकडं असे बघत होते की मला लाज वाटली, हात काळे होते. इस्तव झाला, पोरीचे ओठ जागेवर आले, मी माझ्या भाजीला लागली. आठ दिवसांनी सर वाडीत हजर, साखर घेऊन. बोलले, बाई, हे तुम्ही मुलांना शिकवाल का? मी बोलली, काय शिकवायचंय त्यात, इस्तव तर हाय.

पन शिकवलं. सरांनी वाडीच्या खालच्या माळावर कॅम्प काढला, दोन कारवीच्या खोपी, एक सैपाकाची शेड. मुंबई, ठाणं, कल्यान, तिकडची पोरं यायची, कॉलेजची. पाठीवर एवढाली बोचकी. सर पहिल्या दिवशी सगळ्यांचं सामान बाजूला ठेवून घ्यायचे. बोलायचे, सामान कमी, डोकं जास्त. मग माझ्याकडं द्यायचे. मी काय करायची, केवनीची साल कशी सोलायची, कुटून तिचा दोर कसा वळायचा, ते दाखवायची. ओला बांबू कापून त्यात तांदूळ घालून शिजवायचा. कुड्याच्या पानाचे द्रोन. करवंदीच्या काट्यानं पान टाचायचं. एक पोरगा होता, त्याला पान टाचता येईना, बोलला स्टेपलर मिळेल का. मी बोलली हाय की, करवंदीला लागलेत, जा काढून आन. हसायची पोरं. मी हसायची नाय, मला ते खरं वाटायचं नाय. हे आमी रोज करतो ते हे हजार कोस येऊन खेळ म्हनून करतात. पन वाईट नव्हती पोरं. जाताना पाया पडायची, चिखलात.

मंजी दहावीनंतर सरांच्या हाताखाली लागली. आधी पोरांची यादी करायची, मग सर बोलले हिला सगळं शिकवू, ही वाडीतली, हिच्या रक्तातच हाय. मला आत काहीतरी झालं तेव्हा. रक्तात कसं असंल, मी तिला कुठं नेलं होतं रानात. तर माझ्या पोरीला रान सरांनी शिकवलं. वहीत लिवून शिकवलं. हिची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, त्यात गाठींची चित्रं, झाडांची नावं, सांज झाली तर काय, मानूस हरवला तर काय, कोनाला लागलं तर डोली कशी करायची. डोली आमच्यात पयलेपासून हाय, बाळंतीन अडली की घोंगडीची डोली करून रस्त्यापर्यंत न्यायची, मी स्वतः तशी गेली हाय. मंजी ती वहीतनं शिकली. रेनकोटाची पन डोली होते हे मात्र मला तिनंच दाखवलं, बाह्या आत सारायच्या, बाह्यांतनं दांडे घालायचे, बटनं लावून टाकायची. हुशार होती. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईचा. गळ्यात शिट्टी, पायात बूट, पोरं ताई ताई करून मागं. मला अभिमान वाटायचा, खोटं नाय सांगत, लई वाटायचा.

त्या वहीत खुना होत्या. मी एकदा शेडमध्ये कांदे चिरत होती, सर आन मंजी समोर अंगनात पोरांना दाखवत होते. तीन शिट्ट्या म्हनजे संकट. दगडावर दगड म्हनजे वाट बरोबर. आन फांदी. फांदी टाकायची, तिचा शेंडा जिकडं तिकडं जायचं. म्हनजे बाण. मी बघितलं. कांदे चिरत बघितलं. मनात आलं, आमच्यात असं नसतं. पन मग वाटलं त्यांचा खेळ हाय तो, खेळात चालतं, आन कांदे टोपात टाकले. मंजीला बोलली असती, मंजे, फांदीचं आपल्यात उलटं असतं गो, तर किती टाइम लागला असता. एक कांदा चिरायला लागतो तेवढा. पन हे कोनी सांगतं का? पानी खाली वाहतं हे कोनी पोरीला सांगतं का? मला वाटलं तिला म्हाईत असनार. हिरीची पोर हाय, तिला म्हाईत असनारच.

आता तुमी आलात ते वर्स. गौरी-गनपती होऊन गेलते, भादवा सरत आलता, गवत मानसाच्या छातीपर्यंत. तुमी सहाजन. सर त्या दिवशी मुरबाडला गेलते कामाला. ठरलं असं, की मी पुढं जाऊन वरच्या झऱ्यापाशी इस्तव करून ठेवायचा, मंजी तुमाला घेऊन मागनं येनार, वाटेत झाडं दाखवत दाखवत, मग तिथं बांबूतला भात. माझ्या डोक्यावर भारा होता. दोन टोप, तांदूळ, कोरडी लाकडं, सगळं गोनपाटात बांधलेलं.

फाट्यावर डावी वाट जवळची. ती मी धरली. थोडं गेली तर पायाखालची माती हलली, उभी रायली, गवत बाजूला केलं, तर पुढं वाट नाय. पावसानं दोन-तीन हात वाट खाली नेलेली, डोंगराच्या घळीत, आन वर दोन्ही बाजूचं गवत एकमेकांवर आडवं पडलेलं, वरनं बघितलं तर वाट चालूच हाय असं वाटावं. खाली तीन पुरुस खोल, दगड. मी मागं आली. फाट्यावर कुड्याची फांदी मोडून पडलेली होती. ती घेऊन नीट आडवी टाकायची तर वाकाय पायजे, आन डोक्यावर भारा. भारा उतरवला तर परत चढवायला कोन हाय. मी पायानं ओढली फांदी, पायानंच सारली डाव्या वाटेच्या तोंडावर. ती फिरली. बुंधा माझ्याकडं आन शेंडा आत वाटेकडं, अशी तिरकी पडली. मी बघितलं ती तिरकी पडली ते. वाटलं चालंल, आपल्या मानसाला कळतंय. आन उजवीकडनं लांबच्या वाटेनं निघून गेली.

झऱ्यावर इस्तव केला. पानी ठेवलं. पानी उकळलं, तुमी नाय. त्यातलं ओतून नवं ठेवलं, ते पन उकळलं. मग शिट्टी ऐकू आली. तीन. परत तीन. त्यांच्या खुना मला म्हाईत होत्या बघा. त्यांच्या सगळ्या खुना मला म्हाईत होत्या, आमची एक त्यांना म्हाईत नव्हती.

फाट्यावर तुमी सहाजन उभे. एक पोरगा शिट्टी वाजवत होता, थांबतच नव्हता. तुमी लोकांनी सांगितलं, ताई फांदी बघून थांबली, मग बोलली या वाटेनं, मग बोलली तुमी इथंच उभे रा, मी पुढं जाऊन बघून येते, कू केलं की या. ते पन वहीतलंच, आधी एकट्यानं बघायचं, मग मानसं न्यायची. तुमी कूची वाट बघत बसलात, कू आलीच नाय, तशी त्या पोरानं आपली शिट्टी काढली. ती वहीतलं सगळं बरोबर करत होती. तुमी सहाजन जिवंत हाय ते त्या वहीमुळं.

फांदी तिथंच होती, मी सोडली तशी. मी ती ओलांडून आत गेली.

खाली उतरली मी गवताला धरून, कशी उतरली ते नाय आठवत. मंजी डोळे उघडे ठेवून पडलेली. डोक्याला मागं लागलेलं, रक्त फार नव्हतं. पोरांनी नायलॉनचा दोर सोडला, वर घेतली. मी दोन सरळ दांडे तोडले, आन बघते तर तुमी पोरांनी रेनकोट काढून बाह्या आत सारायला घेतलेल्या. कोनी सांगितलं नाय तुमाला. दांडे घातलेत, मधी केवनीच्या सालीनं बांधलंत, आदल्या दिवशी तिनं वळायला लावलेला दोर होता तो. गाठी मी बघितल्या. सगळ्या बरोबर. एक पन सुटली नाय रस्ता येईपर्यंत. मी डोलीच्या बाजूनं चालत होती आन मंजीकडं बघायचं सोडून त्या गाठींकडंच बघत होती, का ते मला सांगता येत नाय.

मधी एकदा ती बोलली. उंबराच्या झाडाखालनं जात होतो तेव्हा. बोलली, आय, मी चुकली का गो? मी बोलली, नाय गो. ती बोलली, बाण होता ना? मी बोलली, होता.

तेवढंच. मुरबाडला पोचायच्या आधी जीपमध्ये गेली. माझ्या मांडीवर डोकं होतं, जड झालं ते कळलं.

मला रडू आलं नाय. तेव्हा पन नाय, आज पन नाय. वाडीतल्या बाया बोलल्या, हिरी दगड झाली. दगड नाय झाली. लई टाइम मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो बघा, आपलाच पाय पन कोना दुसऱ्याचा असल्यासारखा, तसं सगळं अंग. मुंग्या पन नाय येत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून चूल पेटवली, चहा केला, मानसं आली होती ना लांबनं. हात करतात. हाताला काय म्हाईत नसतं. सर आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले आन लहान पोरासारखे रडले. मी त्यांना पानी दिलं. त्यांनी विचारलं, बाई, ती फांदी आमच्यापैकी कोणी ठेवली नव्हती, वाऱ्याने पडली असेल का? मी मान हलवली. म्हनजे हो. त्यांनी कागदावर तसंच लिवून दिलं, वाऱ्यानं पडलेली फांदी. वाऱ्यावर गेलं सगळं. वारा बिचारा काय बोलनार.

मंजीच्या बापसाला पन सांगितलं नाय. कितीदा तोंडापर्यंत आलं, भाकरी थापताना, गवत कापताना. तो आधीच बोलायचा नाय, मंजी गेल्यावर बैलांशी बोलायचा पन बंद झाला. चार वर्सांमागं तो पन गेला, न कळता गेला. आता वाटतं बरं झालं, आन लगेच वाटतं, बरं कसं झालं, बापूस होता तिचा, त्याचा हक्क होता. कॅम्प दुसऱ्या वर्सी बंद झाला. खोपी पावसानं बसल्या. सर नंतर कधी आले नाय, त्यांना राग नाय माझा, त्यांना माझ्या तोंडाकडं बघवत नसनार.

आता तुमचं. तुमी काल बोललात ते मला नवीन होतं, पन तुमी नवीन नव्हतात, मॅडम. तुमी दारात उभ्या रायलात तेव्हाच वळखलं मी, केस कापलेत तरी वळखलं. त्या दिवशी डोलीच्या मागच्या दांड्याला तुमी होतात. मंजीनं बाण होता ना विचारलं आन मी होता बोलली, ते दुसऱ्या कोनी ऐकलं नसंल, तुमी ऐकलंत. मला तेव्हाच वाटलं होतं, हिनं ऐकलं. पन ऐकून तुमी काय घेऊन घरी जाल हे माझ्या डोक्यात आलं नाय. तुमी सतरा-अठरा वर्सांच्या. काल सांगितलंत तसं, तुमी तिला बोलला होतात, ताई हा बघा बाण, शेंडा आत हाय. ती शाब्बास बोलली होती तुमाला. मग तिच्या आयनं पन सांगितलं, बाण होता. मग तुमाला काय वाटनार, आपन बाण दाखवला आन ती मेली. दहा वर्सं. मी माझ्या पोरीला मरताना शांत करायला एक शब्द खोटा बोलली, तो तुमच्या अंगावर बसला. मला काल रात्रीपर्यंत हे म्हाईत नव्हतं, देवाशप्पथ. म्हाईत असतं तर तुमच्या कल्यानला येऊन सांगितलं असतं. नायतर नसतं पन सांगितलं, ते मला म्हाईत नाय. खरं ते बोलते.

तर ऐका. बाण नव्हता. ती माझी फांदी. मी वाट बंद केली होती. वाकली नाय, पायानं सारली, म्हनून ती तिरकी पडली, म्हनून तुमाला बाण दिसला. तुमी जे शिकलात ते बरोबर वाचलंत. मंजीनं पन बरोबर वाचलं. चूक असंल तर डोक्यावर भारा होता तिची, आन त्याच्या आधीची, कांदे चिरताना गप्प बसली तिची, आन त्याच्या पन आधीची, तू पुस्तक घे बोलली तिची. किती मागं जायचं. पन तुमच्यापर्यंत ती येत नाय. तुमच्या पुस्तकात हे सगळं लिवा. माझं नाव घाला, हिरी घाला, वारा काढा. सरांना पन एक पाठवा, म्हातारे झाले असतील.

हे सांगून बरं वाटंल असं मला वाटलं होतं. नाय वाटत काय. तसंच हाय. तुमी रडताय ते रडा, तुमाला येतंय ना, चांगलं हाय.

आता माझं काय, मी एकटी. वाडीत लाईट आली, मोबाईलचा टॉवर आला, खालच्या माळावर फार्महाऊस झालं. ते कधी कधी बोलवतात, पावन्यांना चकमक दाखवा बोलून. मी जाते, दाखवते. फुंकू नका, वारा फुंकतो, सांगते. पावने फोटो काढतात. नळी बापसाचीच हाय अजून. मंजीची वही पन हाय, पत्र्याच्या पेटीत. मला वाचता येत नाय पन चित्रं कळतात. फांदीचं चित्र हाय त्यात, तिनं काढलेलं, हिरव्या पेन्सिलीनं, शेंड्याला तीन पानं. ती वही तुमी घेऊन जा. काय लिवायचं ते लिवा त्या चित्राखाली, आमच्यातलं पन लिवा, दोन्ही लिवा. कोनाच्या तरी पोरीच्या हातात पडंल.

फांदी मी आता टाकत नाय. त्या दिवसापासनं कुठंच टाकली नाय. वाडीतल्या बाया हसतात, हिरी फाट्यावर येडीसारखी उभी असते. असते. मागनं कोन येनार असंल तर भारा खाली ठेवते, बसते, तो येईपर्यंत बसते, आन तोंडानं सांगते. पावसात पन बसते. काय होतंय, इरलं हाय.

चला, उन्ह उतरलं, आसनगावला जायची गाडी तुमची चुकंल. थांबा, मी येते खालच्या, रस्त्याकडच्या फाट्यापर्यंत. सुखी रा बाय, पोराबाळांत रा. आन आता नीट ऐका, तिथं पन डावी वाट तुटलेली हाय. उजवीकडनं जा.